'घाबरून जाऊ नका' म्हणणाऱ्या साहेबांना

प्रति,
कृष्णा नदीची पातळी मोजणारे, धरणाचे दरवाजे उचलण्याचा हुकूम काढणारे आणि भोंगा लावून गल्लीबोळांतून गाडी फिरवणारे सर्व अधिकारी व कर्मचारी,
सांगली.

साहेब, नमस्कार.

हे पत्र मे महिन्यात लिहितेय, कारण जुलैत तुम्हाला वाचायला सवड नसते आणि मला लिहायला. माझं शिवणकाम आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. पुराचे दिवस आणि माझ्या धंद्याचे दिवस एकच पडतात: श्रावण, मंगळागौरी, गौरी-गणपती. घरात गिऱ्हाइकांचे ब्लाऊजपीस, फॉल-पिकोला आलेल्या साड्या, आणि तिकडे नदी चढायला लागलेली. पाणी वाढतंय म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांत आधी वर जातं ते परक्याचं कापड. प्रत्येक पिशवीवर नावाची चिठ्ठी, आणि चिठ्ठी पेनाने लिहिलेली नाही, पेन्सिलीने, शाई पसरते. मग मशीनचं हेड खोलून माळ्यावर. स्टँड खालीच राहतो, लोखंडाचा आहे, नंतर धुऊन तेल दिलं की चालतो. मग कागदपत्रांची पिशवी, धान्याचे डबे, गॅसची टाकी. फ्रिज टेबलावर चढवायला चार माणसं लागतात, आणि नेमकं त्याच वेळी त्या चौघांच्याही घरी आपापला फ्रिज असतो.

हे सगळं कधी सुरू करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर तुमच्याकडून मिळत नाही. मिळतं ते एक वाक्य, जे प्रत्येक निवेदनाच्या शेवटी असतं: नागरिकांनी घाबरून जाऊ नये, सतर्क राहावे.

साहेब, घाबरू नका म्हटल्यावर घाबरायचं थांबलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. आणि आम्ही काय उगीच घाबरतो का? सांगलीत पाणी मोजतात त्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ च्या वर. २०२४ च्या जुलैतही ४० च्या आसपास येऊन गेलं. पहिल्या पुराचा चिखल काढला तेव्हा लोक म्हणाले, असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. ती शंभर वर्षं चौदा वर्षांत संपली, आणि त्यापुढची शंभर वर्षं तर दोनच वर्षांत. ज्या गावाने हे बघितलं त्याने जूनमध्ये पोटात गोळा येऊ द्यायचा नाही, तर काय करायचं?

आमच्या भीतीची एक तऱ्हा बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. सांगलीत पाऊस पडल्यामुळे सांगलीत पूर येत नाही. आमच्याकडचा पाऊस तो केवढा! याच जिल्ह्यात जत, आटपाडीला टँकर लागतात. पाऊस पडतो महाबळेश्वरात, नवजाला, पाटणच्या डोंगरात. २०२१ साली महाबळेश्वरात एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पडला होता. ते पाणी कोयनेतून कऱ्हाडला कृष्णेत येतं आणि तिथून खाली आमच्याकडे. त्यात दिवसभर तरी जातो. म्हणजे कित्येकदा असं होतं की सांगलीत लख्ख ऊन पडलेलं असतं, दोरीवर कपडे वाळत असतात, आणि पाणी तासातासाला बोटभर वर सरकत असतं. आभाळ बघून काही कळत नाही, कौलावर आवाज नाही, वारा नाही. सगळी भीती मोबाईलमधून येते. रात्री दोनला उठून बघायचं: आयर्विन किती? कोयना किती? वारणा किती? आमच्या घरात तर दोन मोबाईल आळीपाळीने जागे असतात.

माझी नणंद दापोलीकडे दिलेली आहे, समुद्राच्या अंगाला. तिच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. नाव बांगलादेशाने दिलेलं होतं, हे मला तिनेच सांगितलं. नावं ठेवायला शेजारच्या देशांच्या पाळ्या असतात म्हणे. त्या वादळात तिच्या सुपारीच्या बागेत उभं असं झाड राहिलं नाही. नारळ मुळासकट. घराचे पत्रे गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं, तेव्हा तिचा जीव पुन्हा टांगणीला. आता अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा एवढं ऐकलं तरी ती धान्य भरून ठेवते आणि बागेकडे बघत बसते. भीती तिचीही आहे आणि माझीही. दर पावसाळ्यात आम्ही फोनवर एकमेकींना धीर देतो. ती म्हणते, तुमचं बरं बाई, पाणी सांगून येतं. मी म्हणते, तुमचं बरं, एका दिवसात काय ते होऊन जातं.

पण तिला एक गोष्ट मिळते, जी मला मिळत नाही. वादळ समुद्रात असतानाच हवामान खात्याचा नकाशा येतो. आत्ता कुठे आहे, उद्या सकाळी कुठे असेल, परवा दुपारी किनाऱ्याला कुठे लागेल. आणि पुढचं जितकं लांबचं, तितका नकाशावरचा पट्टा रुंद होत जातो. म्हणजे खातं उघड सांगतं की आम्हाला नेमकं ठाऊक नाही, पण या पट्ट्याच्या आत कुठेतरी. बंदरात बावटा चढतो. 'तीन नंबरचा लागला' म्हटलं की नौका आत कधी घ्यायच्या, हे कोळ्याला कुणी समजवावं लागत नाही. निसर्गच्या वेळी तिच्या हातात दोन दिवस होते. बाग वाचली नाही, पण माणसं शाळेत जाऊन बसली होती.

मला मिळतो तो आत्ताचा आकडा. सकाळी आठ वाजता ४१ फूट ३ इंच. पाणी आत्ता कुठे आहे ते मला पुलावर जाऊनही दिसतं, साहेब. अर्धं गाव तिथे फोटो काढायला उभंच असतं. मला हवंय ते रात्री आठचं. आणि उद्या सकाळचं.

वरून दुसरा आकडा येतो तो क्युसेकचा. कोयना धरणातून इतके हजार सोडले, वारणा धरणातून तितके हजार. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटर, हे मला माझ्या मुलाने सांगितलं. बरं. मग १०,००० क्युसेक वाढवले तर आयर्विनला किती फूट वाढणार? माझ्या उंबऱ्याला लागणार की नाही? हे गणित सोपं नाही, हे मला कळतं. कोयनेचं पाणी एकटं येत नाही. हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि ती भरून आली असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. त्याच्याही खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. मधल्या ओढ्यांचं वेगळंच. पण खोऱ्यात पावसाची आणि पातळीची आपोआप नोंद घेणारी यंत्रं बसवलेली आहेत, तुमच्याकडे शिकलेली माणसं आहेत, हिशोब मांडणारे संगणक आहेत. तुमचा आतला काहीतरी अंदाज असतोच. नाहीतर शाळा रिकाम्या करून ठेवा, असा हुकूम तुम्ही कशाच्या जोरावर काढता? तोच अंदाज आम्हाला द्या. 'उद्या सकाळपर्यंत ४५ ते ४८.' चुकला तर चुकला. ४८ सांगितलं आणि ४५ ला थांबलं तर मी माळ्यावरची मशीन खाली घेईन आणि देवापुढे साखर ठेवेन. तुमच्या नावाने बोटं मोडणार नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

आकडा आधी न कळल्याने काय होतं, ते २०१९ ला सगळ्यांनी बघितलं. आमच्या भिंतीवर २००५ ची खूण होती, सासऱ्यांनी खिळ्याने कोरलेली. नुसती आमच्याच नाही, घरोघरी होती. लोकांनी त्या खुणेवर भरवसा ठेवला. माझ्या सासूबाई माळ्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. "आगं, पाच सालाला हितंच थांबलं हुतं. ह्याच्या वर न्हाई यायचं." कितीतरी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी त्या दिवशी हेच सांगितलं आणि कितीतरी शहाण्या पोरांनी ते ऐकलं. पाणी खुणेला लागलं, खुणेच्या वर गेलं, आणि मग निघायचं म्हटलं तर रस्ता उरला नव्हता. आम्ही मागच्या दाराने होडीत बसलो, सासूबाईंना दोघांनी उचलून. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ बोट उलटली आणि घर सोडून निघालेली माणसं बुडाली. लेकराबाळांसकट. त्या बातमीनंतर आमच्या गल्लीतल्या बायका होडीत पाय ठेवायला तयार होईनात. अजूनही तयार नाहीत. वेळेवर निघालेला माणूस चालत निघतो, हातात पिशवी घेऊन. त्याला होडीची गरजच पडत नाही. त्याने वेळेवर निघावं म्हणून तो आकडा.

ओडिशाचं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तिथे १९९९ च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ साली फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू काही डझनांवर राहिले. मधल्या वर्षांत वादळं काही मऊ झाली नव्हती. गावोगाव निवारे बांधले, आणि कोणत्या घराने कोणत्या निवाऱ्यात जायचं ते वादळ नसताना ठरवलं. तिथल्या बाईलाही भीती वाटतच असणार. पण भीती वाटल्यावर जायचं कुठे, हे तिला ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, पातळीनुसार बाधित होणाऱ्या भागांच्या याद्या आम्ही काढतो. काढता, मी वाचते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्त्याकडच्या वस्त्या, ही नावं आता आम्हाला पाठ आहेत. पण यादीत भाग असतो आणि पाणी घरात येतं. आमच्याच गल्लीत वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला पुरुषभर फरक आहे. खालच्या टोकाला पाणी चौकातून येत नाही, गटारीतून उलटं येतं, तेही वरचा रस्ता कोरडा असताना. जुन्या माणसांना आपापला आकडा तोंडपाठ असतो. आमचा ४७. समोरच्या वाड्याचा ४९. ओळखीचा माणूस भेटला की विचारतात, "तुमचं कितीला येतं?" पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल मुलीच्या लग्नाच्या वयाबद्दल चाललंय.

पण भाड्याने राहणाऱ्याला कुठला आकडा ठाऊक असणार? आमच्या खालच्या बाजूला दोन खोल्यांत एमआयडीसीत कामाला जाणारी बाहेरच्या राज्यातली पोरं राहतात. पलीकडे मार्केट यार्डातल्या हमालाचं कुटुंब, मूळ जत तालुक्यातलं. त्यांनी आयुष्यात टँकर बघितला, पूर बघितला नव्हता. घरमालक सांगत नाही, कारण सांगितलं तर भाडं कमी होईल. मग त्यांना कळतं ते गादी ओली झाल्यावर.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती तुमच्या कोट्यवधींच्या प्रकल्पांपुढे अगदी किरकोळ आहे. प्रत्येक गल्लीत, दोन्ही टोकांच्या विजेच्या खांबांवर, ठळक रंगात लिहा: 'आयर्विनला ४७ फूट असताना पाणी इथे येते.' खाली एक आडवी रेघ. तीन महापुरांच्या नोंदी तुमच्याकडे आहेत, मोजणी करणारी माणसं आहेत. जिथे नोंद नसेल तिथे म्हाताऱ्यांना विचारा, ते इंचात सांगतील. निळी रेषा आणि लाल रेषा नकाशावर आखलेल्या आहेत, पंचवीस वर्षांतून एकदा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या, हे मला ठाऊक आहे. पण त्या रेषा बांधकामाची परवानगी मागणाऱ्यालाच बघायला मिळतात. आणि ज्याला परवानगी हवीच असते, तो त्या बघूनही न बघितल्यासारखं करतो. खांबावरची रेघ सगळ्यांना दिसेल. कदाचित म्हणूनच ती काढायला कुणी पुढे येणार नाही. जागांचे भाव पडतील ना.

अलमट्टीबद्दल, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाबद्दल, मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही. कर्नाटकाला धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची आहे, आपला विरोध आहे. पुराची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीने काय म्हटलं आणि ते कुणाला मान्य नाही, हे चहाच्या प्रत्येक गाड्यावर चालतं. तो वाद लढलाच पाहिजे आणि तुमच्या वरच्यांनी नेटाने लढावा. पण या वादामुळे दर पावसाळ्यात एक सोय होते: जबाबदारी तिकडे ढकलता येते, सीमेपलीकडे. खांबावर आकडा लिहायला मात्र कर्नाटकाची परवानगी लागत नाही.

आता थोडं घरातलं. माझा मुलगा २०१९ ला लहान होता, पहिली-दुसरीत. आता मिसरूड फुटतंय. पण जूनमध्ये पहिली सर आली की दप्तर कपाटावर ठेवून झोपतो. कुणी सांगितलेलं नाही. शेजारच्या काकूंचं बीपी दर पावसाळ्यात वाढतं, डॉक्टर गोळी वाढवून देतात आणि दिवाळीला कमी करतात. एक ओळखीचे दुकानदार, कापडपेठेतले, दोनदा माल भिजला, कर्ज फिटलं, धंदा उभा राहिला. आता जुलै लागला की माणूस दुकानात बसत नाही, सारखा घाटावर जाऊन पायऱ्या मोजतो. याला वेड म्हणायचं नाही. पण हे मनाला लागलेलं आहे, आणि पंचनाम्यात याला रकाना नाही. भिंत पडली, भांडी वाहून गेली, जनावर दगावलं, हे सगळं लिहून घेतात आणि ते घ्यायलाच हवं. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट बोलता येतं, आमच्या गल्लीत तो किती जणांना ठाऊक आहे विचाराल तर बहुधा मलाच. तुमच्या भोंग्याच्या गाडीवर 'घाबरून जाऊ नका' ऐवजी तो नंबर सांगा. आशाताई जूनमध्ये डेंग्यूचं सांगायला घरोघर येतातच, त्यांना याचंही दोन शब्द सांगायला शिकवा. पुरानंतर नको, पुराआधी. नंतर तर सगळेच येतात, बिस्किटं घेऊन.

आणि भीती वाटते म्हणून आम्ही नदीला वैरी समजतो, असं समजू नका. पाणी घाटावर चढलं की बायका अजूनही ओटी भरायला जातात. मीही जाते. खण-नारळ वाहून मनात म्हणते, माई, बघून परत जा. बाहेरचे पत्रकार याचे फोटो काढतात आणि खाली अंधश्रद्धा की काय ते लिहितात. लिहोत. ओटी भरून आल्यावर मी हेड खोलायलाच बसते, नदीच्या भरवशावर बसत नाही.

अजून एक राहिलं. पाणी उतरायला लागलं, हेही तुम्ही वेळेवर सांगत नाही. चढताना तासातासाला आकडा येतो. उतार पडला की तुमचा आवाज बंद. मग लोक वरच्या मजल्यावर, शाळेच्या वर्गात, विश्रामबाग भागात पाहुण्यांकडे ताटकळत बसतात. कुणीतरी उठवतं की कोयनेतून परत सोडलंय, आणि पुन्हा पळापळ. शेवटचा निरोपही भोंग्यानेच द्या: धोका टळला, अमुक वाजल्यापासून घरी जायला हरकत नाही, वीज अमुक वेळी येईल, नळाचं पाणी उकळून प्या. ते ऐकल्याशिवाय माणूस झोपत नाही, साहेब. पाणी उतरून आठवडा झाला तरी झोपत नाही.

खांबांचं काम मे संपायच्या आत होण्यासारखं आहे. रंग आणि ब्रश आमच्या गल्लीतलं गणपती मंडळ देईल, मी पोरांशी बोलून ठेवलंय. शिडीही त्यांच्याकडे आहे. तुम्ही फक्त मोजणीचं यंत्र आणि ते वाचता येणारा एक माणूस पाठवा. आमच्याकडे येणार असाल तर सकाळी दहाच्या आत या. नंतर बोळात गाड्या लागतात आणि खालच्या टोकापर्यंत दोरी धरता येत नाही.

आपली,
४७ फुटांवर राहणारी एक शिलाईवाली